आठवं रीळ

रिळांचे डबे ओळीने मांडले. आठातल्या दोन डब्यांवर चिठ्ठी नव्हती. खेळ तीनचा, आणि दोन वाजून गेलेले.

मी मालवणात पत्र्याच्या थेटरात ऑपरेटर होतो. म्हणजे पिक्चरची मशीन चालवायचो. शाळा चौथीपर्यंत. ही साठ सालानंतरची गोष्ट. तेव्हा पिक्चर मुंबईहून बोटीने यायचा. बोट बाहेर उभी राहायची, डबे पडावातून, म्हणजे लहान होडीतून, किनाऱ्याला यायचे. एक रीळ दहा मिनिटांचं. मशीन एकच, म्हणून रीळ संपलं की दिवे लावायचे आणि पुढचं चढवायचं. त्या दिवशी पडावात पाणी उडालं आणि सात-आठ नंबरच्या चिठ्ठ्या गेल्या. रिळाच्या तोंडाला नंबराची पट्टी असते, ती आधीच कोणी कापलेली.

बोलपट असता तर थोडं ऐकून लावला असता. हा होता बॅले. सगळी गोष्ट नाचून सांगायची, तोंडातून शब्द नाही. थेटरच्या शेटनी मागवलेला देवाचा पिक्चर, आला हा गोऱ्यांचा. दोन वैरी घरं. एका घरची मुलगी, दुसऱ्या घरचा मुलगा.

शेट केबिनच्या दारात आले. म्हणाले, "गेल्या खेपेक लोकांनी बाकडी मोडली. आज बोंब झाली तर उद्यापासून मशीनीक हात लावू नको."

आमचं लग्न होऊन तीन महिने झालेले. दुसरं काम मला येत नव्हतं.

शेवंती, माझी बायको, जेवण घेऊन आली होती. मी दोन्ही रिळांची तोंडं बल्बासमोर धरली. एकात मुलगी जिन्यावर एकटी बसलेली. दुसऱ्यात दोघं पाद्र्यापुढे उभी. शेवंतीने डोळे बारीक करून बघितलं.

"ह्या पाद्र्याचां शेवटचां," ती म्हणाली. "लगीन शेवटाकच लागता. आदी लागलां तर मगे लोकां बसतली कित्याक?"

मला पटलं. आमच्याकडच्या नाटकांत तसंच असतं. डबे बंद केले.

सहा रिळं बरी गेली. लोक कुजबुजत होते, पण बसले होते. सातवं चढवलं. मी भिंतीच्या भोकातून बघत होतो. जिन्यावरची मुलगी उठली, नाचली, आणि रीळ संपता संपता मुलगा विष पिऊन पडला. तिने सुरी घेतली. तीही पडली. पडदा पांढरा झाला.

शेवट तर झाला होता, आणि लग्न माझ्या हातात होतं.

दिवे लावले. बायका डोळे पुसत होत्या, माणसं उठायला लागली. वाटलं, इथेच थांबावं. शेवट तरी बरोबर होईल. मग बायकांत बसलेली शेवंती दिसली. ती रडत होती आणि शेजारणींना हात धरून बसवत होती. "बसा गो, लगीन अजून रवलां आसा." तिने वर केबिनच्या भोकाकडे बघितलं.

मी आठवं चढवलं. फिल्म दोनदा निसटली.

पाद्री दिसला. पांढऱ्या कपड्यांतली दोघं दिसली. मी बाकडं मोडण्याच्या आवाजाची वाट बघत होतो. पुढच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "देवान उठवल्यान." आणि टाळ्या पडल्या. दशावतार बघणारी माणसं ती, त्यांना मेलेला उठलेला नवा नव्हता.

खेळ सुटल्यावर हेडमास्तर केबिनमध्ये आले. म्हणाले, "अहो, शेवटी मरतात ती दोघं. पुस्तकात आहे." मागून शेट म्हणाले, "मास्तरांनू, पुस्तक तुमचां. थेटर माझां." नोकरी राहिली.

शेवंतीला मी चूक सांगितली नाही. पुढे ती पोरांना, मग नातवंडांना ही गोष्ट सांगायची. मेली, उठली, लगीन झालां. मी मान हलवायचो.

ह्या आषाढात ती गेली. खाटेवर होती तशीच होती. उठेल म्हणून मी बराच वेळ बघत बसलो.

नव्या ऑपरेटरला सांगतो, रिळाचं नुसतं तोंड बघू नये, शेवटापर्यंत उलगडून बघावं. मी त्या दिवशी बघितलं नाही. बरं झालं.