सासूबाईंचं टीव्हीवरचं वर्तमानपत्र

सासूबाईंच्या डोळ्यांच्या पडद्याला वयामुळे जे होतं ते झालं. डॉक्टरांनी त्याचं लांबलचक नाव सांगितलं. सासूबाईंनी अर्थ सांगितला, "ज्याच्याकडे बघते ते दिसत नाही, आजूबाजूचं दिसतं." मला आपल्याकडच्या बातमीदारीची आठवण झाली, पण मी बोललो नाही.

चालणं, जिना, भाजी निवडणं, सगळं ठीक होतं. गेलं ते वर्तमानपत्र. ठळक मथळे लागत, खालचा मजकूर म्हणजे राखाडी पट्टा. तरी रोज सकाळी त्या अंक घेऊन बिल्डिंगखालच्या बाकावर जाऊन बसत आणि पानं उलटत. बाकावरच्या बायकांना यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी आम्हाला सक्त ताकीद होती. "एकदा 'बिचारी' म्हणायला लागल्या की चहासुद्धा कप धरून पाजतील."

माझी बायको त्यांना दुपारी अंक वाचून दाखवायची. पण खून गाळायची, आजारपणं गाळायची, आणि राजकारण कंटाळा येतो म्हणून गाळायची. उरायचं ते हवामान. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "तू वाचत नाहीस गं, तू मला समजावतेयस. मला माझं वाचायचंय."

टीव्हीवरच्या बातम्या होत्या. तिथे एका चौकटीत चार माणसं एकाच वेळी ओरडतात, खाली लाल पट्टी पळते आणि मागे युद्धाचं संगीत वाजतं. विषय बहुधा कोणीतरी कोणाला काय म्हणाला हा असतो. सासूबाईंनी दोन दिवस ऐकलं आणि विचारलं, "यांच्या घरी कोणी नाही का यांचं ऐकायला?"

टीव्हीखाली माझा एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर आम्ही सिनेमे बघतो. त्यात फीड रीडर बसवता येतो, हे मला माहीत होतं. आपण हव्या त्या साइट्स निवडायच्या. त्यांच्या नव्या बातम्या एकाखाली एक येऊन पडतात, ना जाहिरात ना आरडाओरडा. बसवला. मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसायला लागले. फॉन्ट बदलल्यावर चौकोन गेले, पण जोडाक्षरं फुटून पाय मोडल्यासारखी उभी राहिली. आणखी एक फॉन्ट टाकला. मग अक्षरं इतकी मोठी केली की एका वेळी जेमतेम तीन बातम्या पडद्यावर मावतील. रिमोटच्या मधल्या बटणावर बायकोने स्वतःची एक टिकली चिकटवली, म्हणजे बोटाला कळावं.

यंत्र चाललं. आता बातम्या हव्या होत्या, आणि त्याच मिळेनात. मराठी साइट्सचा हल्ली एक नियम आहे: मथळ्यात बातमी सोडून सगळं द्यायचं. 'या' अभिनेत्रीने केलं 'हे' काम. 'इतक्या' रुपयांनी महागलं 'हे' तेल. 'या' राशींच्या लोकांनी उद्या जपून राहावं. वाचकाला पत्ता न देता दारं ठोठावायला लावायचं, म्हणजे प्रत्येक दारामागे एक जाहिरात दाखवता येते. खाली दोन ओळी मथळ्याचीच उजळणी, आणि मग 'अधिक वाचा'. सासूबाई म्हणाल्या, "अधिक राहू दे रे बाबा, आधी थोडं तरी वाचायला दे."

मी साइट्स काढत गेलो, दुसऱ्या लावत गेलो. शेवटी दोन जुनी वर्तमानपत्रं, एक शेतीविषयक साइट आणि महापालिकेच्या सूचना एवढं उरलं. सासूबाई खुर्ची जरा तिरकी करून, मान थोडी वळवून वाचायला लागल्या. अगदी हळू, शब्द पुटपुटत. पण खून, आजारपणं, राजकारण, सगळं. आठवडाभर घरात शांतता होती.

मग सोसायटीचे सेक्रेटरी आले, बाथरूमची गळती बघायला. हे गृहस्थ निवृत्त झाल्यापासून एक न्यूज पोर्टल चालवतात. त्याचे मुख्य संपादक, वार्ताहर आणि छायाचित्रकार तेच. पोर्टलवर प्रामुख्याने भावी नगरसेवकांचे वाढदिवस असतात. गळतीकडे त्यांनी पाहिलं नाही. टीव्हीकडे पाहिलं.

"एवढी मोठी अक्षरं? आजींना दिसत नाही का?"

ते सासूबाईंपेक्षा फार तर दहा वर्षांनी लहान असतील.

"मला दिसतं," सासूबाई म्हणाल्या. "अक्षरंच हल्ली बारीक झालीत."

पण मुख्य संपादकांना बातमीचा वास लागला होता. रविवारी ते शाल, श्रीफळ आणि लाल फीत घेऊन हजर झाले. आमच्या शहरात उद्घाटनाशिवाय काही सुरू होत नाही. गटाराचं झाकणसुद्धा फीत कापूनच बसतं. शाल घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाला घालवून देण्याचा शिष्टाचार अजून कोणी शोधलेला नाही. शालीच्या घड्यांवरून ती याआधी बऱ्याच खांद्यांवर जाऊन आल्याचं कळत होतं. टीव्हीला आडवी फीत बांधली गेली, सासूबाईंनी ती भाजीच्या कात्रीने कापली, फोटो निघाला. सेक्रेटरींनी त्यांचं पोर्टलही यादीत टाकायला लावलं. मी टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी टिकली दाबली. पहिलीच बातमी त्यांच्या फोटोसकट आली. त्यांनी ती मोठ्याने, एकेक शब्द लावत वाचली.

"मीरा रोडच्या... 'या'... अंध आजी... वाचू लागल्या. नेमकं काय घडलं?"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

त्या दिवशी सासूबाई खाली गेल्या तेव्हा बाकावरच्या सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. बातमी फोनवरून आधीच पोचली होती. एकीने कोपर धरलं, दुसरीने हातातलं वर्तमानपत्र हळूच काढून घेतलं, आणि तिसरीने तोंडासमोर बोटं धरून विचारलं, "आज्जी, हे किती?"

"बोटं राहू दे, तुला अक्कल असती तर ती मोजून दाखवली असती," म्हणून त्या वर आल्या आणि सेक्रेटरींना बोलवायला मला पाठवलं.

ते आले, खूश होते. "आजी, व्ह्यूज बघितले? आमदारांच्या वाढदिवसाला नव्हते एवढे."

"बसा. मी वाचते, तुम्ही ऐका." सासूबाईंनी त्यांना त्यांचीच बातमी वाचून दाखवली, अथपासून इतिपर्यंत. 'अंध' पाच ठिकाणी होतं. प्रत्येक ठिकाणी त्या थांबल्या आणि त्यांच्याकडे पाहिलं. म्हणजे जरा बाजूला पाहिलं, पण ते त्यांच्याकडेच होतं.

"आता सांगा, हे कोणी वाचलं?"

"तुम्हीच, आजी. पण कसंय, 'अंध' शब्दाला एक इम्पॅक्ट असतो."

"मग स्वतःच्या नावाआधी लावा. संपादकाला शोभेल."

त्यांनी दुरुस्ती छापण्याचं आश्वासन दिलं, आणि दिलेलं आश्वासन पाळलं हे कबूल केलं पाहिजे. संध्याकाळी दुरुस्ती आली: 'त्या' आजींना खरंच दिसतं का? धक्कादायक सत्य समोर!

"काढा याला," सासूबाई मला म्हणाल्या. मी पोर्टल यादीतून काढलं. एक बटण दाबलं की मुख्य संपादक नाहीसे होतात, ही सोय इतर कुठे नाही. पण इतरांच्या फोनमधून ते काढण्याचं बटण माझ्याकडे नव्हतं. पुढचे काही दिवस सासूबाई खाली गेल्याच नाहीत. खुर्चीत बसून वाचत राहायच्या, पुटपुटणंही बंद झालं होतं.

मग एका सकाळी त्यांनी रिमोट ठेवला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चला जावईबापू, दूध आणायला निघालाच आहात तर मीपण येते." जिना त्या माझ्यापुढे उतरल्या. दारातल्या पायरीशी बाकावरच्या गुजराती शेजारणीने धावत येऊन त्यांचं कोपर पकडलं.

"बा, संभालके. आगे सीढी है."

"सीढी छोडो. कल पूरा दिन पानी नहीं आनेवाला. पाइपलाइन का काम है. आज भरके रखो."

बायकांमध्ये एकदम गडबड उडाली. एकीने घरी फोन लावला, दुसरी पिंपं मोजायला लागली. शेजारीण अजून कोपर धरून होती.

"किसने बोला, बा?"

"बोला किसीने नहीं," सासूबाईंनी कोपर सोडवून घेतलं. "मैं पढी."