कानशिलांवरचे केस

आमच्या वसईच्या लोकांना केस बसलेले लागतात. मुलीचे केस जरा उभे दिसले, की या घरात आई नाही असा त्यांचा समज होतो. ऑस्ट्रेलियात येऊन, पॅरामॅटात एसी ऑफिसात बसूनही त्यांची ही खोड गेलेली नाही. आम्ही राहतो त्या टूनगॅबीत कुणाकडेही जेवायला जा, माझ्या लेकीच्या डोक्याची तपासणी ठरलेली. माझा नवरा घानाचा. लेक त्याच्यासारखी काळी, आणि केसही त्याचेच, दाट आणि बारीक कुरळे. "रंगाचं काही करता येत नाही, निदान केस तरी तेल थापून घट्ट बांध," असं एका बाईंनी मला बिर्याणी वाढता वाढता सुनावलं होतं. वर स्वतःला देवभीरू म्हणवतात.

सातव्या वर्षी लेकीच्या कानशिलांवरचे केस गेले. दोन्ही बाजूंना बोटभर जागा, नुसती कातडी. ब्लॅकटाउनला घानाच्याच एक बाई घरी केस विणून देतात, त्यांच्याकडे तिला घेऊन गेले. त्यांनी त्या जागेवरून हळूच अंगठा फिरवला आणि विचारलं, "हू हॅज बीन पुलिंग धिस?"

"आमच्याकडच्या बायका," मी म्हणाले. आमच्याकडच्या बायकांबद्दल मला जे वाटतं, ते सगळं त्यात आलं.

बाईंनी बजावलं, कपाळाजवळचे केस विणायचे नाहीत, मोकळे सोडायचे. मागे सैल पीळ घालायचे. मणी नकोत, जेल नको, रबरबँड तर नकोच. झोपताना सॅटिनची टोपी. मुळं एकदा मेली की परत फुटत नाहीत, हेही त्यांनी लेकीसमोरच सांगितलं. काही महिन्यांनी कानशिलांवर लव आली. लेक रोज आरशासमोर उभी राहून तिला बोट लावून बघायची, आहे ना अजून म्हणून.

मग तिचं पहिलं कम्युनियन आलं, चर्चमधला पहिल्या प्रसादाचा सोहळा. डोक्यावरच्या पांढऱ्या जाळीच्या ओढणीला मी आतून नाड्या शिवल्या, म्हणजे ती मागच्या पिळांना अलगद बांधता येईल. चर्चच्या दारातच माझ्या थोरल्या बहिणीने नाक मुरडलं. ताई बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. सगळ्या वंशाच्या लोकांशी कसं वागावं, याचं ट्रेनिंग ती इतरांना देते.

"अगं, फोटो आयुष्यभर राहतात. अशी झिपरी उभी करणार तिला?"

"ताई, हात लावू नकोस."

"नो वरीज गं, नाही लावत."

मी आत फुलं द्यायला गेले, तेवढ्यात ती लेकीला टॉयलेटमध्ये घेऊन गेली. मी शोधत पोचले, तेव्हा केस जेलने चप्प बसवलेले होते, वर करकचून अंबाडा, आणि पोरीच्या भुवया ताणून वर गेलेल्या. ताई ब्रश धूत होती. मोठं पुण्याचं काम केल्यासारखा तिचा चेहरा होता.

मग माझी जीभ सुटली. अडाणी म्हणाले तिला. तुझं ट्रेनिंग चुलीत घाल म्हणाले. फोटोसाठी लेकराची कातडी सोलणारी बाई, असंही म्हणाले. मला तिची किळस आली होती आणि ती लपवायची मला मुळीच गरज वाटली नाही. ताई रडायला लागली. मी पर्समधल्या कात्रीने रबरबँड कापला, बोटं ओली करून एकेक बट सोडवायला लागले. लेक रडणाऱ्या ताईकडे बघत होती. दुखलं का, म्हणून मी लेकीला विचारलं.

तिने ताईचा हात धरला आणि म्हणाली, "डोन्ट क्राय, मावशी. ममा पुल्ड मच हार्डर. एव्हरी डे, बिफोर स्कूल."

ताईने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.