चाळणीची तार

वैद्य म्हणजे माणसांचे नव्हेत, यंत्रांचे. बिस्किटांच्या कारखान्यात पीठ चाळणारी, मळणारी, भाजणारी यंत्रं बावीस वर्षं त्यांच्याच हातून बरी होत आली. खरं नाव पगारपत्रकापुरतं. बाकी सगळ्यांचे ते वैद्यकाका. यंत्राच्या अंगावर तळवा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि मग साहेबाला नव्हे, तर त्या यंत्रापाशी दिवसभर उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं, "कधीपासून कुरकुरतंय?" अर्धं निदान तिथेच होतं, असं ते सांगत. घरी बायको म्हणायची, "माझी कुरकुर इतकं लक्ष देऊन ऐकली असतीत, तर जन्माचं सोनं झालं असतं."

राग मात्र सदा नाकाच्या शेंड्यावर. आणि या खेपेला तर त्यांच्या जागी कुणीही भडकलं असतं.

पिठाच्या चाळणीवर एक बाई होती. पोती रिकामी करायची, पीठ चाळून पुढे सोडायचं. वेणी गुडघ्यापर्यंत यायची, ती गुंडाळून टोपीत कोंबलेली, म्हणून ती सगळ्यांची वेणीताई. तीन महिन्यांपूर्वीच ती वैद्यांना म्हणाली होती, "काका, चाळणी हल्ली खरखरते. आधी नुसती फुसफुसायची."

वैद्यांनी कान लावला. जाळी सैल झाली होती. त्यांनी दुरुस्तीच्या वहीत लिहिलं, "चाळणीची जाळी बदलावी." शेजारी साहेबांनी लिहिलं, "पाहू." पुढच्या महिन्यात वैद्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा "पाहू". तिसऱ्यांदाही तेच. एवढं पाहू पाहू करणारा माणूस एकदाही चाळणीपाशी येऊन उभा राहिला नाही.

मग वैद्य भाचीच्या लग्नाला गेले आणि इकडे पाकिटांत धातू शोधणारा डिटेक्टर वाजला. बिस्किटात नखाएवढी बारीक तार निघाली. साहेबांनी ती उजेडात धरली आणि निकाल देऊन मोकळे झाले, ही केसांची पिन. पिना कुणाच्या केसांत? वेणीताईच्या. तिला धड बोलूही दिलं नाही. त्याच दिवशी घरचा रस्ता दाखवला.

दोन दिवसांनी वैद्य कामावर आले, तर साहेब त्यांचीच वाट पाहत होते.

"हा डिटेक्टर बिघडलाय. कालपासून चारदा उगाच वाजला. याचा कान जरा कमी करून टाका."

"वेणीताई कुठंय?"

"काढली तिला. पिन तिचीच होती."

"ती परवापासून घरी बसलीय आणि हा काल चारदा वाजला. मग काय घरून पिना फेकते ती?"

"तुम्ही तुमचं काम करा."

"तेच करतोय."

वैद्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं. पॅकिंगवर बसलेल्या एका बाईकडून पिन मागून घेतली. ती पटकन चिकटली. मग साहेबांनी पुरावा म्हणून जपलेली तार जवळ नेली. ती ढिम्म. चुंबक चाळणीच्या जाळीला लावलं. जाळीही ढिम्म.

"पिन लोखंडाची असते, साहेब. जाळी स्टेनलेस स्टीलची, ती चुंबकाला चिकटत नाही. ही तार त्याच जातीची आहे."

त्यांनी बोल्ट काढून चाळणी उचलली. कडेला अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं. तुटक्या टोकांशेजारी तार धरली, तर जाडी अगदी तीच. डिटेक्टर खरं बोलला तर त्याचा कान बंद करायचा, बाई खरं बोलली तर तिला घरी बसवायचं आणि "पाहू" लिहिणाऱ्याला कुणी हूं की चूं करायचं नाही. ही कुठली रीत?

"जाळी बदला," साहेब घसा साफ करत म्हणाले, "आणि नेहमीची देखभाल म्हणून नोंद करा."

"बदलतो. पण ती परत आल्याशिवाय यंत्र चालू करायच्या कागदावर माझी सही होणार नाही."

त्या सहीवाचून चाळणी हलत नसे. दुपारपर्यंत सगळं ठप्प राहिलं, तेव्हा कुठे साहेबांनी वेणीताईला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी नवा कागद टाचलेला होता, "केसांत पिना लावून कामावर येणाऱ्यांवर कारवाई होईल." खाली साहेबांची सही. आणि त्याच कागदाखाली वेणीताई टोपी चढवत होती. वेणी नव्हती. मानेवर केस वेडेवाकडे कापलेले.

"हे काय करून बसलीस, बाई?"

"घरीच कापले, काका. त्यांनी बोलावलं, पण माझी चूक नव्हती असं काही कुणी म्हटलं नाही. पुन्हा बोट दाखवायला जागा नको."

लहानपणापासून वाढवलेले केस, आणि हिने ते एका तारेपायी कापून टाकले. त्यांनी कागद ओढून काढला, उलटा केला, भिंतीवर धरला आणि लिहिलं, "तार चाळणीची होती. जाळी बदला, असं तीनदा लिहून दिलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, पाहू. या बाईचा काडीचाही दोष नाही." खाली स्वतःची सही केली, आणि कागद होता तिथेच टाचला.

थोड्या वेळाने साहेब आले. त्यांनी वाचलं आणि कागद काढायला हात पुढे केला. मागे सगळी पाळी उभी राहून वाचत होती. साहेबांनी हात खिशात घातला आणि ते आत निघून गेले.