माझ्या वजनाची स्प्रिंग

कंपनीनं मोटारसायकल ज्याला बसवून पारखली, तो माणूस बहुधा उपाशी असावा. माझ्यासारखा धिप्पाड गडी बसला की मागचे शॉकअप निम्मे दबायचे. त्यात बायको मागं बसली की प्रत्येक खड्ड्यात गाडी खाडकन तळाला टेकायची आणि दणका थेट तिच्या दुखऱ्या कंबरेत. तिची आई गगनबावड्याच्या अलीकडं एका वाडीत अंथरुणाला खिळलेली. एसटी फाट्यावर सोडते, पुढचा चढ हिला चढवत नाही. पावसाळ्यापासून तिनं आईचं तोंड पाहिलं नव्हतं.

म्हणून माझं वजन पेलतील अशा स्प्रिंगा टाकायला गॅरेजात गेलो. तिथला प्रकार बघून शिसारी आली. आमच्याकडं शॉकअप तपासायचा म्हणजे सीटवर तळहात ठेवून दाबायचं. मिस्त्रीनं दाबलं, चहाला आलेल्यानं दाबलं, पंक्चरसाठी थांबलेल्यानंही दाबून निकाल दिला. वर माझ्या पोटाकडं बघून सगळे हसले. हे बायकोच्या कंबरेसाठी चाललंय, असं मी सांगत होतो, ऐकतंय कोण? सगळ्यांत कडक स्प्रिंग बसली. गड्याची गाडी मऊ असून कसं चालेल!

बायकोला मागं बसवून कळंब्याच्या तळ्यापर्यंत नेलं. गाडी आता तळाला टेकत नव्हती, पण दबतही नव्हती. बारीकशा खड्ड्यातही ती सीटवरून उडायची. तळ्यापाशी कंबर धरून उतरली आणि घरी परतायला रिक्षात बसताना रडली. मला 'कडक' या शब्दाचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला म्हटलं, आम्हा दोघांना बसवून बघा, मग स्प्रिंग ठरवा. तो ओशाळला.

"वहिनींना हितं कसं बसवायचं? माणसं हायत की. आन् बाईमाणसाला वजन कसं इचारायचं?"

म्हणजे मर्यादेपायी तिला हिशेबात धरलंच नव्हतं. कंबर मोडली तरी चालेल, मर्यादा मोडायला नको. थू असल्या मर्यादेवर.

घरी हे सांगितलं, तशी ती चपला घालून निघालीच. रिक्षानं गॅरेजात आली, सगळ्यांदेखत स्वतःचं वजन सांगितलं आणि माझ्यामागं बसली. मिस्त्रीनं वाकून टेप लावला. गाडी जेमतेम बोटभर दबली होती. त्यानं बेताची स्प्रिंग घालून आम्हाला पुन्हा बसवलं, तेव्हा गाडी हवी तेवढी खाली आली. गल्लीतून एक फेरी मारली. खड्डा आला आणि गेला. गॅरेजपाशी थांबलो, तर ही उतरेना.

"आता असंच आईकडं चला," म्हणाली.