टेंभे मॅडमचं न चाललेलं औषध

अमक्या औषधानं गुण आला असं कोणी म्हटलं, की टेंभे मॅडमचा एकच प्रश्न असायचा, "कैसे पता?" उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावरचे जोशीकाका एकदा कौतुकानं सांगत होते, की कारल्याच्या रसानं त्यांची शुगर एकदम उतरली. मॅडमनी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली. "गोळी बंद केली होती का?" काका म्हणाले, नाही, गोळी चालूच आहे. "मग रसाचं काय कौतुक सांगता? गोळी काय फुकट बसली होती?" एवढं बोलून त्या जिना चढून गेल्या. काकांनी पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. मॅडमच्या ते लक्षातही आलं नाही.

डॉ. कुमुद टेंभे उज्जैनच्याच. त्यांचं घराणं कधीकाळी शिंद्यांच्या दफ्तरातल्या नोकरीपायी माळव्यात आलं आणि इथलंच झालं. मॅडम शिकल्या इथे, पण नोकरी दूरच्या शहरातल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत केली. निम्मी कारकीर्द त्यांनी मेंदूवर चालणाऱ्या औषधांवर घालवली, त्यातही मिरगीच्या. मग एकदा त्यांना दिसलं, की मिरगीचं एक जुनं औषध काचेच्या बशीत वाढवलेल्या मेंदूच्या गाठीच्या पेशींवर घातलं, तर त्या पेशींची वाढ थांबते. चाळिशी उलटलेल्या बाईनं हातातलं नावाजलेलं काम सोडलं आणि कॅन्सरचं शास्त्र पहिल्यापासून शिकायला घेतलं, स्वतःच्या विद्यार्थ्यांशेजारी बसून. लोक हसले. इस उम्र में लाइन बदल दी, म्हणाले. मॅडम सांगायच्या, "प्रश्न तिकडे गेला, म्हणून मी गेले. त्यात काय एवढं?"

हे सगळं मला फार नंतर कळलं. आमचे वडील बँकेच्या बदलीवर इथे आले होते. पुढे मीही बँकेतच लागले. आई-वडील गेल्यावर मी आणि माझा मोठा भाऊ श्रीकांत, दोघंच राहत होतो. दादा शाळेत गणित शिकवायचा. मॅडम निवृत्त होऊन आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या, तेव्हा आम्हाला त्या फक्त फटकळ म्हणून माहीत होत्या.

मग दादाच्या मेंदूत गाठ निघाली. इंदूरला ऑपरेशन झालं, रेडिएशन सुरू झालं. त्यानं तो पार गळून गेला. अन्नाचा वास आला तरी उमासे यायचे. शाळेतल्या कोणीतरी त्याला टावर चौकाजवळच्या एका क्लिनिकचा पत्ता दिला. तिथला डॉक्टर गाठीवर कॅप्सूल द्यायचा. तो दादाला म्हणाला, रेडिएशनमुळे शरीर कमजोर होतं, ते थांबवा, म्हणजे दवा लागू पडेल. ज्याला उद्या पुन्हा त्या यंत्राखाली झोपायचंय, त्याला याहून गोड काय वाटणार? दादानं इंदूरला जाणं सोडलं. भस्म-अंगारे देणारा बाबा असता, तर दादानंच त्याला हाकललं असतं. पण या डॉक्टरनं त्याच्या हातात त्या औषधावरचा छापील शोधनिबंध ठेवला होता.

"हे विज्ञान आहे," दादा मला म्हणाला. "आणि नाव वाच. कुमुद टेंभे. आपल्या वरच्या मॅडम आहेत या!"

आम्ही दोघं आनंदानं त्यांचे आभार मानायला वर गेलो, कॅप्सूल घेतोय आणि रेडिएशन सोडलंय असं दादानं सांगितलं. मॅडमनी दारातच कागद घेतला. पहिलं पान पाहिलं, ते उलटलंही नाही.

"श्रीकांत, रेडिएशन कब से बंद है?"

दादानं सांगितलं.

"उद्या सकाळी इंदूरला जायचं. मी येते बरोबर. ती कॅप्सूल आत्ता बंद."

दादा चिडला. "पण मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"मीच लिहिलंय. त्यात खोटं काही नाही. पण ते अर्धं आहे." त्या दारातच खाली बसल्या, मी त्यांना तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "बशीतल्या पेशी थांबल्या, तेवढं छापलं. मग आम्ही उंदरांना दिलं. उंदरांच्या गाठी वाढतच राहिल्या. बशीत घातलं तेवढं औषध माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचवायचं, तर आधी त्याचं लिव्हर जाईल. नहीं चलती ये दवा. आम्हीच बघितलंय."

"मग ते का नाही छापलं?" मी विचारलं.

संस्थेच्या संचालकांनी छापू दिलं नव्हतं. पहिल्या निबंधाचं नाव झालं होतं, एका कंपनीनं चौकशी सुरू केली होती. संचालक म्हणाले, घाई काय आहे, बघू पुढे. मॅडम भांडल्या. उंदरांचं सगळं काम संस्थेच्या मालकीचं, परवानगीशिवाय बाहेर काढता येणार नाही, असं त्यांना ऐकवण्यात आलं. त्यांची प्रयोगशाळा आधी लहान खोलीत गेली, मग बंद झाली. "हर साल पूछती थी," मॅडम म्हणाल्या. "दर वेळी तेच उत्तर. फेल हुआ काम कौन पढ़ता है, मॅडम?"

कोण वाचतं? माझा भाऊ वाचत होता. त्याला वाचायला अर्धंच मिळालं.

दुसऱ्या दिवशी त्या खरंच इंदूरला आल्या, तिथल्या डॉक्टरांना त्यांनी सगळं नीट सांगितलं आणि दादाचं रेडिएशन पुन्हा सुरू झालं. परतल्यावर मला घेऊन त्या थेट टावर चौकाच्या क्लिनिकमध्ये गेल्या. भिंतीवर त्यांच्या निबंधाचं पहिलं पान काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं होतं.

मॅडमनी डॉक्टरला विचारलं, "ये कुमुद टेंभे कौन हैं?"

"बहुत बड़ी साइंटिस्ट हैं, माताजी."

"मैं हूँ."

तो खुर्चीवरून उठला, वाकून पाया पडला, आणि कंपाउंडरला म्हणाला, मोबाइल आण, मॅडमबरोबर फोटो काढ. इतकी वर्षं झाली, तरी हे आठवलं की माझे कान तापतात. मॅडमनी त्याचा हात बाजूला केला आणि बाकावरच्या पेशंटांकडे वळून स्वच्छ आवाजात सांगितलं, की हे औषध उंदरांवर फेल गेलेलं आहे आणि कोणीही यापायी रेडिएशन बंद करू नये. डॉक्टरनं आम्हाला बाहेर काढलं. तेव्हा बाकावरचा एक माणूस मॅडमवरच ओरडला, "आपको क्या दिक्कत है? उम्मीद तो रहने दो हमारी."

रिक्षात मॅडम मला म्हणाल्या, "त्या बाकावरच्या माणसावर रागावू नकोस. त्याला कोणी सांगितलंच नाही, तर तो काय करणार? ज्यांना माहीत होतं त्यांच्यावर राग धर. माझ्यावरसुद्धा."

आम्ही आरोग्य खात्यात तक्रार केली. साहेब म्हणाले, चौकशी करू. चौकशी होईपर्यंत क्लिनिक दुसऱ्या मोहल्ल्यात गेलं, काचेच्या फ्रेमसकट.

दादा पुढच्या वर्षी गेला. वाया गेलेल्या त्या आठवड्यांनी त्याचं आयुष्य कमी झालं का, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही. मी मात्र रडत म्हणाले, की त्या लोकांनी माझा भाऊ मारला. मॅडम माझ्याजवळ बसल्या होत्या. दुसरी कोणीही हो म्हणाली असती. त्या म्हणाल्या, "ते आपल्याला माहीत नाही, बेटा. माहीत नाही, तेच म्हण. पण त्यांनी त्याच्यापासून लपवलं, हे माहीत आहे. तेवढं जोरात म्हण." तेव्हा मला त्यांचा राग आला. पण त्या रात्रभर माझ्याजवळ थांबल्या, आणि सकाळी चहाही त्यांनीच केला.

त्यानंतर त्या पुन्हा कामाला लागल्या. संचालक निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी मॅडमचीच एक जुनी विद्यार्थिनी आली होती. मॅडम तिच्याकडे जात राहिल्या, भांडत राहिल्या, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावरही आकडे तपासत राहिल्या. शेवटी उंदरांचं काम छापून आलं, एका लहानशा नियतकालिकात. मी पेढे घेऊन वर गेले, तर म्हणाल्या, "याची कसली मिठाई? हे श्रीकांतच्या आधी यायला हवं होतं." पेढ्याला त्यांनी हात लावला नाही.

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. इथल्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. व्यासपीठावरचे पाहुणे म्हणाले, की कॅन्सरवरचं औषध शोधून काढणारी आपल्या उज्जैनची थोर कन्या आज हरपली. लोकांनी माना डोलावल्या. मी उभी राहिले.

"सर, ते औषध चालत नाही. चालत नाही, हे मॅडमनी शोधून काढलं. माझा भाऊ ते घेत होता."

हॉलमध्ये कुजबुज झाली. अध्यक्ष हळूच म्हणाले, "ताई, आज ये बातें रहने दीजिए."

मी खाली बसणारच होते. इतक्यात मागच्या रांगेतली एक बाई उठली. मी तिला ओळखत नव्हते. "कौन-सी दवा, बहनजी?" तिनं विचारलं. "नाम बोलिए. हमारे घर में भी कोई कैप्सूल चल रही है."

मी पुढे गेले, अध्यक्षांच्या समोरचा माइक ओढून घेतला आणि औषधाचं नाव सांगितलं.