काचेपलीकडचं बोलणं

आमची कापडगिरणी पाडून तिथं आता तयार कपड्यांच्या कारखान्यांची नवी वसाहत उभी राहिली आहे. जन्मभर त्या गिरणीत माग चालवलेले माझे वडील, तात्या, तिथं काम मागायला गेले. मी सोबत होते. काचेच्या केबिनमध्ये दोन साहेब बोलत होते. बाहेर अवाक्षरही ऐकू येत नव्हतं, तरी तात्या उठले. "चल पोरी. 'या म्हाताऱ्यांना काय येतंय' म्हणतायत."

मागांच्या खडखडाटात गिरणीतले कामगार एकमेकांचे ओठ वाचूनच बोलायचे.

माझं डोकंच फिरलं. जमीन आमची, पाणी आमचं, उद्योग आला म्हणून पेढे वाटले तेही आम्हीच. आणि माणसं तेवढी टाकाऊ? काचेसमोर उभी राहून मी आवाज न काढता एक सणसणीत शिवी हासडली. साहेबांनी हसून मान डोलावली.

"हळू बोल गं," तात्या म्हणाले.