धम्मदिना आणि भिंतीला हात लावणारी पोर

आमच्या टेमघरच्या गल्लीत कुणी हळू बोलत न्हाय. बोलून उपयोगच न्हाय. भिंतीपलीकडे केसरीनाथशेठचे कापड विणायचे लूम, समोर आणखी कुणाचे, दिवसपाळी सुटली की रातपाळी, खटाखट चालूच. नवी सून आली की आधी ओरडायला शिकते, मग स्वयंपाकाला लागते. पण अख्ख्या गल्लीत मोठा गळा कुणाचा म्हणाल तर धम्मदिनाचा. ती कोपऱ्यावरच्या नळाशी पोचली की मला मोरीत बसून कळायचं, आली बया!

"जाईमावशी, कोण आजारी हाय का घरात?"

"तू आलीस न्हाय का, आता पडेल कुणीतरी," मी म्हणायची. ती हसायची, बसायची आणि पातेल्यातला चहा स्वतःच ओतून घ्यायची.

धम्मदिना आमची आशाताई, घरोघर फिरून आजारपणाची चौकशी करणारी. माहेर खारबावचं, नवरा पूर्ण्याच्या गोदामांवर टेम्पो चालवतो. ती या कामाला लागली तेव्हा तिची सासू म्हणाली होती, लोकांच्या घरात डोकवायचे सरकार पैसे देतं होय? मलाही ती नुसती चोंबडीच वाटायची. सरकारची कुठली मदत आली की तिच्या पोटात म्हणून राहायची न्हाय. गरोदर बाईला काय मिळतं, टीबीच्या माणसाला खाण्यापिण्यासाठी खात्यात काय येतं, सगळं नळावर उभी राहून ओरडून सांगायची. "हे पैसे आपल्यासाठीच ठेवलेत, मावशी. कुणी मागायला जात न्हाय म्हणून पडून राहतात," हे तिचं पालुपद. आम्ही बाया तोंडाला पदर लावून हसायचो. आज त्या पालुपदाची आठवण झाली की माझे हात आपोआप जोडले जातात.

आता नेत्राचं सांगते. नेत्रा माझी नात, माझ्या विकीची पोर. विकी केसरीनाथशेठच्याच लूमवर, आणि सून दिपाली तिथंच कांड्या भरते, म्हणजे सूत गुंडाळायचं काम. नेत्रा दोन वर्षांची झाली, धावायला लागली, तरी बोलेना. आम्हाला त्याची काळजी वाटली न्हाय. मारा कपाळावर हात! पण अहो, लूमवर बोलतं कोण? सगळं हातानं. मूठ फिरवली की सूत तुटलं, अंगठा तोंडाशी नेला की पाणी, दोन बोटं ओठाला लावली की चहा. पोरीला हे सगळं येत होतं. विकी छाती फुगवून सांगायचा, माझी पोर आतापासूनच लूमवाली झालीय.

हाक मारली आणि ती वळली न्हाय, तर सगळे म्हणायचे, आजोबावर गेली! आमचे हे, यादव, उभा जन्म लूमवर काढला, त्यांचे कान पार गेलेले. वर आणखी एक गोष्ट होती. पलीकडचे लूम बंद पडले की नेत्रा लगेच मान वर करायची, इकडंतिकडं बघायची. मग आम्हाला वाटायचं, हिला ऐकू येतं, पण मनात असेल तरच ऐकते. "भारी आगाऊ हाय," मीच कौतुकानं सांगायची.

पोलिओच्या रविवारी धम्मदिना डोसची पेटी घेऊन आली. नेत्रा आमच्याकडं पाठ करून भिंतीशी बसली होती, एक हात भिंतीला टेकलेला. तिची ती सवयच होती. तेवढ्यात लाईट गेली. लूम थांबले, गल्ली एकदम गप्प झाली. नेत्रानं मान वर केली, भिंतीवरचा हात काढला, परत लावून बघितला. आणि त्याच वेळी दिपालीच्या हातून पातेलं निसटलं. असलं धाडकन आदळलं की मी दचकले, धम्मदिना दचकली, शेजारीण दारात आली. नेत्रा हलली न्हाय.

धम्मदिनानं पेटी खाली ठेवली. माझी थाळी उचलली, लाटणं घेतलं आणि पोरीच्या डोक्यामागं बडवायला लागली.

माझं डोकं फिरलं. "ए बाई! भूत उतरवतेस का माझ्या नातीचं?"

ती आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलली. "मावशी, तिचा हात बघा. भिंत हलायची थांबली की तिला कळतं. ती कानानं न्हाय, भिंतीनं ऐकते."

दिपालीनं पोरीला उचलून घट्ट धरलं. अख्खी गल्ली त्या पोरीला रोज बघत होती, आणि लूमच्या आवाजात राहून राहून ऐकू न येणं म्हणजे काय हेच आम्ही विसरलो होतो.

पुढचं सगळं धम्मदिनानं ओढून नेलं. आधी भिवंडीतला सरकारी दवाखाना, मग ठाणे, मग मुंबई. पोरीला झोपवून डोक्याला वायरी लावून तपासणी केली. दोन्ही कान बंद, जन्मापासून. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून कानाच्या आत यंत्र बसवता येईल. पण जेवढं लवकर तेवढं बरं. वय निघून गेलं की यंत्र बसवूनही बोलणं येणं कठीण, आणि सरकारी मदतीलाही वयाची अट हाय. यंत्राची किंमत ऐकून विकी बाहेर येऊन बाकावर बसला. "एवढ्यात आपली चाळ विकत येईल, आई," म्हणाला.

"चाळ कशाला घेतोस?" धम्मदिना म्हणाली. "हे पैसे आपल्यासाठीच ठेवलेत."

या वेळी कुणी हसलं न्हाय. ऑफिसात जाताना, दाखल्यासाठी खेटे घालताना ती बरोबर. कुठं कुणी उद्या या म्हणालं की ती समोरच्या खुर्चीवर ठाण मांडून बसायची. तिला तरी सगळं कुठं ठाऊक होतं? एकदा आम्हाला भलत्याच इमारतीत नेलं, दुपारपर्यंत भलत्याच रांगेत उभं केलं. मी तिला लाखोली वाहिली. "अगं मावशी, मी पण पहिल्यांदाच आलेय," म्हणाली आणि मला वडापाव आणून दिला.

सगळं जमत आलं आणि एका प्रश्नावर गाडं अडलं. दवाखान्यातल्या मॅडमनी विचारलं, "घर कसं आहे? शांत आहे ना?" विकी हो म्हणणार होता. धम्मदिनानं त्याच्या दंडाला धरलं आणि खरं ते सांगितलं, की घराच्या भिंतीला लागून लूम हायत. मॅडमचा चेहरा पडला. त्या वाईट नव्हत्या, समजावून सांगत होत्या. नुसतं यंत्र बसवून काम होत न्हाय, पोरीला रोज शांत जागी बसवून एकेक शब्द शिकवावा लागतो, वर्षानुवर्षं. "शिकवायची सोय काय ते दाखवा, मग कागद पुढं पाठवते."

बाहेर आल्यावर मी धम्मदिनावर तुटूनच पडले. "खरं बोलायची खाज होती का तुला? आधी गरिबाला लूमशेजारी घर, आणि वर म्हणायचं घरात आवाज फार! आता माझी पोर मुकी राहणार!" माझ्या डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून शिव्या, दोन्ही चालू. ती ऐकून घेत होती. माझा दम संपल्यावर म्हणाली, "खोटं बोललो असतो तर यंत्र मिळालं असतं, मावशी, पण पोर बोलली नसती. जागा शोधू ना. दुपारी विहारात कोण असतं?"

दुपारी विहारात कोणीच नसतं. आमचं बुद्धविहार गल्लीच्या पार मागं, तिथवर लूमचा आवाज पोचत न्हाय. संध्याकाळच्या वंदनेपर्यंत मोकळंच. धम्मदिनानं महिला मंडळाच्या बायांना सांगितलं, आणि त्यांनी त्याच दिवशी चावी आणून माझ्या हातात ठेवली. मग ही बया केसरीनाथशेठकडं गेली. त्या माणसाशी माझं आवाजावरून किती वर्षांचं वाकडं! मी म्हटलं, तो हाकलून देईल. दुसऱ्या दिवशी बघते तर आमच्या भिंतीला लागून असलेले लूम त्यांनी पलीकडं सरकवायला घेतलेले, आणि भिंतीशी कापडाच्या ताग्यांची थप्पी लावलेली, पार छतापर्यंत. घरातला आवाज निम्मा झाला. मी वाटीभर खीर घेऊन गेले. शेठ म्हणाले, "आधी सांगायचा व्हता ना, जाईबाय. तू नुसती भांडत व्हतीस."

मॅडमनी सोय बघून कागद पुढं पाठवले आणि सरकारच्या पैशातून नेत्राचं ऑपरेशन झालं. आमच्या खिशातून गेलं ते गाडीभाडं आणि चहापाणी. जखम भरल्यावर यंत्र चालू केलं, तेव्हा पोर घाबरून किंचाळली. तिला रडताना बघून दिपाली रडली, आणि धम्मदिना तर असला गळा काढून रडली की कोण गेलं ते बघायला शेजारच्या खोलीतली माणसं आली.

मग विहारातल्या दुपारी सुरू झाल्या. आठवड्यातून एकदा ठाण्याला शिकवणाऱ्या बाईंकडं, बाकीचे दिवस आम्हीच. जन्मभर ओरडून बोललेली मी, या वयात हळू बोलायला शिकले. पेला दाखवून पाणी, पाणी, पाणी. हात मागं धरायचे, खूण करायची न्हाय. नेत्रा अंगठा तोंडाशी न्यायची आणि माझा जीव तुटायचा. धम्मदिना घरं फिरून झाली की यायची, चपला दारात टाकून आमच्यात मांडी घालून बसायची. महिने गेले. पोर आ करायची, बा करायची, पुढं न्हाय. मी मनातून खचले होते. विकी तर विचारायचाच बंद झाला.

मग एक दिवस विहार बंद करून आम्ही तिघी निघालो, मी, धम्मदिना आणि मधे नेत्रा. केसरीनाथशेठच्या कारखान्याचं दार उघडं होतं, आत सगळे लूम दणदणत होते. नेत्रानं दोन्ही हात कानांवर ठेवले. आमच्या गल्लीत जन्मलेल्या पोरीनं लूमच्या आवाजाला कान झाकलेले मी पहिल्यांदा बघितले. मग तिला आत विकी दिसला, पाठमोरा, सूत जोडत उभा. तिनं हात खाली घेतले. मला वाटलं, खूण करेल. तिनं खूण केली न्हाय. मान उंच केली आणि म्हणाली, "पप्पा!"

मी तिच्या तोंडाशी वाकलेली, म्हणून मला ऐकू आलं. विकीला कुठून ऐकू येणार? ती परत म्हणाली, "पप्पा!" तो सूत जोडतच होता. पोरीचा चेहरा पडायला लागला. मी ओरडले, "विक्या, अरे विक्या!" पण माझाही आवाज त्या खटाखटीत गेला.

आणि धम्मदिना धावत आत गेली. इकडं न बघता, तिकडं न बघता, दाराजवळचं मेन स्विच तिनं दोन्ही हातांनी खाली ओढलं.

सगळे लूम थांबले. ऑफिसातून केसरीनाथशेठ ओरडत बाहेर आले, "कोन हाय रं तो? कोनी बंद केला?" कामगार जागच्या जागी उभे राहिले. विकी वळला.

"पप्पा!" नेत्रा म्हणाली.

विकीच्या हातातलं सूत गळून पडलं. तो धावला न्हाय, तिथंच गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. नेत्राच धावत गेली त्याच्याकडं. मी धम्मदिनाचे हात धरले, स्विचवरच्या तेलकट मळानं काळे झालेले, आणि माझ्या कपाळाला लावले. उपकार म्हटलं की ती चिडते, म्हणून हातच धरून ठेवले.

केसरीनाथशेठ स्विचपाशी येऊन उभे राहिले. कामगारांनी त्यांच्याकडं बघितलं, आता चालू करतील म्हणून. त्यांनी स्विचला हात लावला न्हाय. नेत्राकडं वाकून म्हणाले, "परत एक डाव बोल गो बाय."